पंचांगकर्त्यांना खुलं पत्र: ग्रहणाच्या वेळा आणि त्याखालचे नियम

सर्व पंचांगकर्ते, दिनदर्शिकांचे संपादक आणि गावोगावी पंचांग सांगणारे गुरुजी यांस,

सविनय नमस्कार.

शके 1949, प्लवंग संवत्सराच्या पंचांगात 2 ऑगस्ट 2027 चं सूर्यग्रहण येईल. आषाढ अमावास्या, दिव्यांची अवस, आणि त्यात सोमवार. इजिप्तमध्ये लक्सरच्या परिसरात ते सहा मिनिटांहून जास्त वेळ खग्रास असेल, आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास दिसेल. स्पर्श, मध्य आणि मोक्ष, म्हणजे ग्रहण लागण्याच्या, ऐन भरात येण्याच्या आणि सुटण्याच्या वेळा आपण गावागणिक काढाल आणि त्या मिनिटाला बरोबर येतील, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मला बोलायचं आहे ते त्या वेळांच्या खाली छापल्या जाणाऱ्या मजकुराबद्दल. गर्भवतीने काय करू नये, हे सांगणाऱ्या त्या ओळी आता बदलाव्यात, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी तालुक्याच्या गावी प्रसूती विभागात परिचारिका आहे. माझे वडील भिक्षुकी करायचे. पाडव्याला कडुलिंबाचा प्रसाद वाटून झाला की ते ओसरीवर बसून नव्या संवत्सराचं फळ वाचत. पंचांगाच्या समासात त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा असत: कुणाच्या मुंजीचा मुहूर्त, कुणाच्या वडिलांची श्राद्धतिथी. मी आजही एकादशी करते, चतुर्थीला चंद्रोदयाची वेळ आपल्याच पानावर पाहते. तेव्हा हे पत्र कुणा परक्याने लिहिलेलं नाही. घरातल्या माणसाने घरात बोलावं, तसं बोलते आहे.

बाहेरच्या लोकांना वाटतं की पंचांग म्हणजे हजार वर्षांपूर्वीचं आहे तसं चालवणं. आपल्या परंपरेचा इतिहास नेमका उलटा आहे, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो. कोकणातल्या नांदगावचे केशव दैवज्ञ पंधराव्या शतकाच्या अखेरीस ग्रह स्वतः डोळ्यांनी पाहत होते. जुन्या सिद्धांतांवरून येणारी ग्रहांची स्थानं आणि आकाशात दिसणारी स्थानं यांत अंतर पडलंय, हे त्यांनी नोंदवून ठेवलं. पुढच्या गणकांनीही ग्रहांचे उदयास्त आणि नक्षत्रांशी होणारे योग पाहून गणितात कमीजास्त करून घ्यावं, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. स्वतःचं गणित कायमचं राहील असा त्यांचा दावा नव्हता. त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ यांनी 1520 च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचला आणि ज्या-चापाचं, म्हणजे त्रिकोणमितीचं, किचकट गणित वगळून गावच्या जोशालाही ग्रहण काढता येईल अशी सोय केली. पुढची तीन-साडेतीन शतकं महाराष्ट्राच्या तिथी मुख्यतः गणेश दैवज्ञांच्या गणितावर चालल्या.

मग तेही गणित आकाशाशी जुळेनासं झालं. केरो लक्ष्मण छत्र्यांनी 1860 साली युरोपीय कोष्टकांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत आणली आणि 1865 पासून पटवर्धनी पंचांग निघू लागलं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 मध्ये भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहिला, त्यात कुठल्या ग्रंथाची कुठली संख्या कधीपासून चुकू लागली हे भीडभाड न ठेवता मांडलं. शाळेत शिकवणाऱ्या वेंकटेश बापूजी केतकरांनी नवी गणितपद्धती उभी केली. लोकमान्य टिळकांनी राजकारणाच्या धामधुमीतही पंचांगशोधन सोडलं नाही, मुंबई, पुणे आणि सांगलीच्या ज्योतिष संमेलनांत हा विषय गाजला. सोलापुरात लक्ष्मण गोपाळ तथा नानाशास्त्री दात्यांनी 1916 च्या सुमारास पंचांग सुरू केलं. या सगळ्यांचा आग्रह एकच होता, दृक्प्रत्ययाचा. जे गणित डोळ्यांना दिसणाऱ्या आकाशाशी जुळेल ते खरं, मग मूळ ग्रंथ कितीही पूज्य असो.

आणि या सगळ्यात श्रद्धेचं काय झालं? एकादशी काही घटकांनी इकडेतिकडे झाली, कधी तर दिवसच बदलला. विठ्ठलावरची भक्ती तसूभरही कमी झाली नाही. वारी चालत राहिली. टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत संक्रांत 10 जानेवारीला होते आणि बाकीच्यांकडे 14 किंवा 15 ला, कारण राशिचक्राचा आरंभ कुठल्या ताऱ्यापासून धरायचा यात दोन्ही पक्षांत सुमारे चार अंशांचं अंतर आहे. अधिक महिन्याचा फरक पडला, तर अशा घरांतला गणपतीही महिनाभर आधी बसतो. खरं उत्तरायण तर 21-22 डिसेंबरलाच सुरू झालेलं असतं. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो. या परांचन गतीमुळे संपातबिंदू, म्हणजे जिथे सूर्य आला की दिवस-रात्र समान होतात तो बिंदू, 72 वर्षांत सुमारे एक अंश सरकतो, त्यामुळे खरं उत्तरायण आणि संक्रांत यांतलं अंतर वाढत आलंय, आणि आपण पंचांगात सायन (संपातबिंदूपासून मोजलेला) मकरप्रवेश डिसेंबरात, निरयन (ताऱ्यांपासून मोजलेला) जानेवारीत, असे दोन्ही प्रामाणिकपणे छापता. ते वाचूनही लोक जानेवारीतच तिळगूळ वाटतात आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

1952 साली केंद्र सरकारने मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. साहा खगोलभौतिकीतले जगन्मान्य शास्त्रज्ञ. त्यांच्या शेजारी त्या समितीत आपल्याकडचे ज. स. करंदीकर आणि नागपूरचे के. ल. दप्तरी बसले होते. 1955 मध्ये अहवाल आला, 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय सौर दिनदर्शिका लागू झाली. सरकारी पत्रव्यवहाराबाहेर ती फारशी रुजली नाही हे खरं. पण शास्त्रज्ञ आणि पंचांगाचे जाणकार एका टेबलाशी बसून अयनांशावर, म्हणजे संपातबिंदू आणि राशिचक्राचा आरंभ यांतल्या अंतरावर, तपशिलात वाद घालू शकतात, हे त्यातून दिसलं. श्रद्धा आणि विज्ञान यांच्या नात्यावर आज जी भाषणं होतात, त्यांपेक्षा मला ती बैठक जास्त मोलाची वाटते.

आता ग्रहणाच्या पानाकडे येते.

‘छादयति शशी सूर्यं शशिनं महती च भूच्छाया’, चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी सावली चंद्राला, हे आर्यभटाने पाचव्या शतकाच्या शेवटी लिहिलं. ग्रहलाघवातलं ग्रहणाचं गणितही सावलीचं आणि बिंबांच्या आकाराचंच आहे, त्यात राहूच्या जबड्याचं माप कुठे घ्यावं लागत नाही. म्हणजे पानाच्या वरच्या भागात दीड हजार वर्षांची शुद्ध होत आलेली विद्या आहे. खालच्या भागातले नियम मात्र एकदाही आकाशाशी किंवा शरीराशी ताडून पाहिलेले नाहीत. चिरू नये, कापू नये, शिवू नये, झोपू नये, पाणी पिऊ नये, लघवीला जाऊ नये. घराघरात त्यात आणखी भर पडते: पाय दुमडून बसायचं नाही, सुईत दोरा ओवायचा नाही, नखाने अंग खाजवायचं नाही. नाहीतर बाळाचा ओठ फाटतो.

7 सप्टेंबर 2025 ची रात्र सांगते. भाद्रपद पौर्णिमेचं खग्रास चंद्रग्रहण, स्पर्श रात्री 9:57 चा, मोक्ष दीडच्या जरा आधी. अकराच्या सुमारास एका सात महिन्यांच्या गर्भवतीला घरच्यांनी रिक्षातून आणलं. गरोदरपणातला मधुमेह, इन्सुलिन चालू. संध्याकाळचं इन्सुलिन तिने नेहमीसारखं टोचून घेतलं होतं आणि ग्रहणाचे वेध लागले, आता जेवायचं नाही, म्हणून जेवली नव्हती. अंगाला दरदरून घाम, हाताला कंप, जीभ जड झालेली. बोटाला सुई टोचून साखर पाहिली, 48 निघाली, धोक्याइतकी कमी. ग्लुकोजचं पाणी कालवून पेला पुढे केला तर पोरीने तोंड फिरवलं. पाणी नको म्हणाली, अजून मोक्ष व्हायचाय. तिला स्वतःच्या जिवाची भीती वाटत नव्हती, बाळाच्या ओठाची वाटत होती. सासूबाई शेजारी उभ्या होत्या आणि हात जोडून म्हणत होत्या, “बाई, तुम्ही म्हणता ते खरं असेल, पण छापलंय की हो.” त्यांनी मोबाईल पुढे केला. त्यात भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या पानाचा फोटो होता. सलाइनमधून ग्लुकोज दिलं आणि पंधरा-वीस मिनिटांत पोर सावरली. पुढे तिचं बाळंतपण नीट झालं.

त्या सासूबाईंना मी दोष देणार नाही. सुनेची काळजी नसती तर त्या रात्री रिक्षा करून आल्याच नसत्या. त्यांनी एका छापील शब्दावर विश्वास ठेवला होता. ज्या पानावरचा चंद्रोदय रोज खरा ठरतो, त्या पानावरचं बाकीचंही खरंच असणार, असं माणूस धरून चालतो. आपल्या गणिताच्या अचूकपणाने कमावलेली पत त्या खालच्या ओळींना आपोआप मिळते. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे.

ओठाचं म्हणाल तर पोटातल्या बाळाचा वरचा ओठ गर्भधारणेच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात. म्हणजे पुष्कळदा ही बातमी सासूला कळण्याआधीच ओठाचं काम पुरं झालेलं असतं. सातव्या महिन्यात विळीला हात लावल्याने जुळलेला ओठ उसवत नाही. दुभंगलेल्या ओठामागे आनुवंशिकता असते, अपस्माराची काही औषधं असतात, धूम्रपान असतं, गरोदरपणाआधीपासूनचा आटोक्यात नसलेला मधुमेह असतो. आणि अशा बाळाचा ओठ शस्त्रक्रियेने शिवता येतो, साधारण पहिल्या वर्षाच्या आत. पण त्याच्या आईला नातेवाइकांत जे ऐकावं लागतं ते कुठल्याही टाक्यांनी शिवून निघत नाही. “ग्रहणात काय केलंस? आठव, नीट आठव.” बाळंतिणीला असं विचारलेलं मी ऐकलं आहे, आणि तिने आठवून आठवून, आपण त्या दिवशी नख कापलं होतं बहुतेक, असं रडत सांगितलेलंही.

आपल्यापैकी काहीजण म्हणतील, आम्ही फक्त धर्मशास्त्रात आहे ते देतो, पाळायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. खरंच ज्याचं तो ठरवतो का? आठव्या महिन्यातली सून ठरवत नाही. सासर आणि माहेर मिळून ठरवतं, आणि दोन्हीकडच्या भिंतीवर आपलीच दिनदर्शिका असते. शिवाय धर्मशास्त्राचंच पाहायचं तर बालक, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांच्यासाठी वेधाचा काळ कमी केलेला आहे, आणि आपण तो दरवेळी स्वतंत्रपणे छापता. ज्यांनी ती सवलत घातली त्यांना कळत होतं की अशक्त शरीर उपास सोसत नाही. त्यांच्याकडे ग्लुकोमीटर नव्हता, सोनोग्राफी नव्हती, तरी त्यांनी जेवढं दिसलं तेवढं मानलं. आपल्याला त्यांच्याहून पुष्कळ जास्त दिसतंय. ती सवलत पूर्ण करणं हे त्यांच्याच वाटेने पुढे जाणं होईल.

एक गोष्ट मात्र करू नका, अशी हात जोडून विनंती आहे. या नियमांना विज्ञानाचा मुलामा देऊ नका. ग्रहणात अतिनील किरण वाढतात, दर्भ ते शोषून घेतो, तुळशीचं पान अन्नातली किरणं मारतं, असले लेख ग्रहणाच्या आधी आठवडाभर फिरत असतात, कधी पुरवण्यांत छापूनही येतात. सूर्यग्रहणात सूर्याचा काही भाग झाकला जातो, त्यामुळे आपल्यापर्यंत ऊन कमीच पोहोचतं, कुठलाही नवा किरण त्यातून निघत नाही. चंद्रग्रहणात तर पौर्णिमेचं चांदणं मंदावतं, एवढंच. दुधावर तुळशीचं पान ठेवायचं असेल तर भक्तीने ठेवावं, तुळस आपल्याला पूज्य आहे हे पुरेसं कारण आहे. त्याला खोट्या भौतिकशास्त्राचा टेकू दिला की विज्ञानाचं नुकसान होतंच, पण श्रद्धाही उसन्या आधारावर उभी राहते.

हाच नियम विज्ञानप्रेमींनाही लागू व्हावा असं मला वाटतं. विजयदुर्गावरून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने 1868 च्या ग्रहणात हेलियम शोधला, अशी कथा अभिमानाने सांगितली जाते. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होता. तो विजयदुर्गाला आला 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. तो खरा इतिहासही काही कमी नाही. त्याच ग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्बेल तळ देऊन होता आणि पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवालाही तिथेच वेध घेत होते. जेऊरच्या माळावर दुर्बिणी लागल्या होत्या, आणि त्याच जिल्ह्याच्या गावात वीसेक वर्षांच्या आत शुद्ध गणिताचं पंचांग छापलं जाऊ लागलं. आकाशाकडे पाहणाऱ्या या दोन प्रकारच्या माणसांत मला काही वैर दिसत नाही.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी ग्रहणात गर्भवतींना बरोबर घेऊन भाजी चिरण्याचे, जेवणाचे कार्यक्रम केले आहेत. त्यांच्या धैर्याचा मला आदर आहे. पण माझ्या विभागात येणाऱ्या सासूबाई त्या कार्यक्रमाला जात नाहीत, आणि त्याची बातमी वाचली तर त्यांना ती आपल्या देवाची टिंगल वाटते. पंचांगावर मात्र त्यांचा विश्वास आहे. जे काम आम्ही वर्षभर समजावून करू शकत नाही ते आपल्या दोन ओळी करतील. ठाण्याचे पंचांगकर्ते दा. कृ. सोमण ग्रहणाला घाबरू नका असं वर्षानुवर्षं जाहीरपणे सांगत आले आहेत. त्यांच्या सांगण्याने पंचांगाची प्रतिष्ठा वाढलीच. हे बोलणं मुलाखतींतून ग्रहणाच्या पानावर यावं.

जप, स्नान, दान याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ग्रहणात केलेल्या जपाचं फळ अधिक, हे कुठल्याही यंत्राने मोजता येत नाही आणि त्याने कुणाची साखर उतरत नाही. नाशकात गोदावरीत ग्रहणाचं स्नान करणाऱ्या माणसाला त्यातून मिळणारं समाधान खरं आहे. माझे वडील ग्रहणभर ओल्या पंच्याने गायत्री जपत बसत, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसे त्याचा मला आजही हेवा वाटतो. पण आईने आजारी आजीला औषधाची गोळी पाण्याबरोबर दिली की ते डोळे मिटून घेत आणि जप चालू ठेवत. त्यांनी कधी अडवलं नाही. पंचांगात जर ‘औषध घ्यावे’ असं छापलेलं असतं तर त्यांना डोळे मिटावे लागले नसते.

तेव्हा शके 1949 च्या पंचांगात ग्रहणाच्या पानावर मला असा मजकूर वाचायचा आहे: ‘गर्भवती, बाळंतीण, लहान मुलं, वृद्ध आणि आजारी यांना वेध व ग्रहणाचे नियम नाहीत. त्यांनी नेहमीप्रमाणे जेवावे, पाणी प्यावे, औषधे वेळेवर घ्यावीत, झोप आली तर झोपावे. ग्रहणाचा गर्भावर कोणताही परिणाम होत नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नका. सवलत म्हणून दिलं तर घरातले म्हणतील, शक्य असेल तर पाळलेलं बरं. परिणाम होत नाही, हे सरळ लिहिलं तरच भीती जाईल.

आणि त्याच पानावर एक खरा धोकाही छापा. खंडग्रास सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते, आणि ती होताना दुखत नाही, म्हणून पोरं पाहत राहतात. काजळी धरलेली काच, क्ष-किरणाची जुनी फिल्म, साधा गॉगल, पाण्याच्या घमेल्यातलं प्रतिबिंब, यांतलं काही सुरक्षित नाही. प्रमाणित ग्रहणचष्मा वापरावा, नाहीतर पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून सावलीत पडणारी सूर्याची चंद्रकोर पाहावी. ऑगस्टमध्ये ढगांनी कृपा केली तर शाळेच्या व्हरांड्यात, झाडाखाली, पानांच्या फटींतून शेकडो कोरी जमिनीवर पडलेल्या दिसतील. गर्भवतीनेही बाहेर येऊन त्या पाहाव्यात, चष्मा लावून आकाशातही पाहावं. हे आपल्या पंचांगाने सांगितलं तर किती घरांची दारं त्या दिवशी उघडी राहतील.

पंचांग छपाईला जाण्याआधी प्रसूतितज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ यांच्याकडून त्या पानावरचे शब्द तपासून घ्यावेत, असंही सुचवते. मुहूर्तासाठी आपण एकमेकांना विचारताच. माझ्यासारख्या कितीतरी परिचारिका हवी ती मदत करतील, गावोगावच्या आशाताई तो मजकूर घराघरात वाचून दाखवतील.

गुरुजींसाठी वेगळं सांगते. ग्रहणाच्या आदल्या दिवशी यजमानांचे फोन येतात, घरात पोटुशी आहे, काय काय पाळायचं? उत्तर द्यायला आपल्याला अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटात, तिला वेळेवर जेवू घाला, असं म्हणा. आपलं ऐकतील.

कळावे, लोभ असावा.

आपली,
प्रसूती विभागातली एक परिचारिका
आणि आपल्या पंचांगाची रोजची वाचक